न उमटणारी अक्षरं

"काहीच उमटंना गेलंय, दादा," शिवकन्या फोनमध्ये म्हणाली. "मी बटणं दाबायलेय, पण पडद्यावर एक अक्षर न्हाई."

"काळी खिडकी दिसतेय ना? तिथं पासवर्ड मागतोय?" पलीकडून सर्वेशने विचारलं.

"मागतोय. पण घेत न्हाई."

तिच्या मागे बाकावर वैष्णवी पोट धरून वाकली होती. सतरा वर्षांची पोर, पण दुखण्याने एवढीशी झाली होती. कण्हत होती, मध्येच ओठ चावत होती.

शिवकन्या लातूरच्या एका खाजगी क्लासच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. नोकरीला दोन महिने झाले होते. कॉम्प्युटरवर तिला हजेरी भरता यायची, बस तेवढंच. वसतिगृहाचं लोखंडी दार मात्र त्याच कॉम्प्युटरवर चालायचं. ठरल्या वेळी आपोआप उघडायचं, एरवी तिच्या अंगठ्याने. सकाळी लाइट गेली आणि आली, तेव्हापासून अंगठा चालेना. साधी किल्ली क्लास चालवणाऱ्या सरांकडे. सर नव्या शाखेच्या उद्घाटनाला नांदेडला, फोन बंद. कॉम्प्युटरचं सगळं बघणारा सर्वेशही तिकडेच.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वर्षी ती आठ वर्षांची होती. घराच्या कोसळलेल्या माळवदाखालून तिला दुपारी बाहेर काढलं होतं. तेव्हापासून बंद दारामागे तिचा जीव घाबरा व्हायचा. ही नोकरी घेताना तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"मावशी," वैष्णवी म्हणाली, "लई दुखायलंय."

"झालंच बघ बाळा."

दाराच्या जाळीपलीकडे तिने बोलावलेली व्यंकटीची रिक्षा उभी होती. पंधरा मिनिटं झाली, त्याने इंजिन बंद केलं नव्हतं. "ताई, काय झालं?" तो ओरडला. "अपेंडिक्स असंल तर येळ लावू नका. माझ्या मेव्हण्याचं फुटलं होतं."

शिवकन्येने पुन्हा पासवर्ड दाबला. सात अक्षरं, चार आकडे, तळहातावर पेनने लिहून घेतलेले. पडदा ढिम्म. तिला वाटलं, कीबोर्डच मेला. तिने तीच अक्षरं पुन्हा जोरजोरात दाबली आणि एंटर मारलं.

"चूक म्हणतोय," ती म्हणाली.

"ताई, ऐका. आधी किती वेळा दाबलं?"

"दोनदा. दिसलंच न्हाई म्हणून."

"तिथंच घोटाळा झाला. ते दिसत नसतं. ठिपका नाही, फुली नाही, काही नाही. मुद्दाम तसं ठेवलंय, बाजूच्याला कळू नये म्हणून. पण आत जात असतं. एकदाच दाबायचं आणि एंटर."

"न दिसता कसं कळावं बरोबर हाय का चूक?"

"कळत नाही. विश्वास ठेवून दाबायचं."

तिने एकेक अक्षर पुटपुटत दाबलं. एंटर. पुन्हा चूक. आणखी एकदा. तिसऱ्यांदा पडद्याने तिला बाहेरच काढलं.

"आता ते विचारंनाच गेलंय!"

"घाबरू नका. सगळा हुकूम परत लिहू. एस, यू, डी, ओ…"

सर्वेशच्या मागे सनई वाजत होती, कुणीतरी माइकवर यशाचे आकडे सांगत होतं. शिवकन्येच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडला. घड्याळात एक वाजून गेला होता. सकाळपर्यंत पोरगी धडधाकट होती. सात वाजता तिच्या वडिलांचा, किशनरावांचा, गावाहून ऑफिसात फोन आला होता. रविवारी पेपर नीट दे म्हणावं, एवढाच निरोप. मुलींना फोन द्यायचा नाही, हा सरांचा नियम. शिवकन्येने निरोप सांगितला तेव्हा वैष्णवी हसली होती. "आई काय म्हणाली?" तिने विचारलं होतं. "आई शेतात गेली म्हणले," शिवकन्येने सांगितलं होतं. अकराच्या सुमारास शहरात मामाकडे राहून शिकणारी, वैष्णवीच्या गावची मनस्विनी जाळीतून वही देताना तिच्याशी काहीतरी कुजबुजून गेली. बारा वाजता वैष्णवी जिन्यातच खाली बसली.

"ताई, आकडे कुठून दाबताय?" सर्वेशने अचानक विचारलं.

"उजवीकडं हायेत ना, तिथून."

"तिथं एक बारका दिवा असतो. लागलाय?"

"न्हाई."

"मग तिथले आकडे जातच नाहीत. वरच्या ओळीतले दाबा."

शिवकन्येने तळहात पुसला. शाई फिसकटली होती, पण आता पासवर्ड तिला तोंडपाठ होता. सात अक्षरं. मग वरच्या ओळीतून चार आकडे, एका बोटाने, सावकाश. पडद्यावर अजूनही काही नव्हतं. तिने डोळे मिटून एंटर दाबलं.

दाराकडून खट्ट आवाज आला.

"उघडलं! दादा, उघडलं!" ती रडू लागली. फोन टेबलावर तसाच ठेवून तिने वैष्णवीला कमरेत धरलं आणि चालवत बाहेर आणलं. दुपारचं ऊन अंगावर आलं तेव्हा तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. परवानगीशिवाय मुलगी बाहेर काढली म्हणून सर उद्या तिला काढून टाकतील. टाकू देत. पोरगी वाचली पाहिजे.

रिक्षा बोळातून मुख्य रस्त्यावर आली. शिवकन्येने वैष्णवीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"कोणता दवाखाना, ताई?" व्यंकटीने मागे न बघता विचारलं.

वैष्णवीने पोटावरचे हात काढले आणि ती ताठ बसली.

"दवाखाना नको, काका. आमच्या गावाकडची, देवणीची गाडी लागते तिथं घ्या," ती म्हणाली. "चार वाजता माझ्या आईची माती हाय."