खमंग वास येईपर्यंत

मोठ्या बाईंनी लाल पेनाने तिसऱ्यांदा तेच वाक्य खोडलं, तेव्हा नव्या बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पाठ टाचणात त्यांनी लिहिलं होतं, ‘दाणे खमंग वास येईपर्यंत भाजावेत.’ त्याच्या डोक्यावर आता ‘मंद आचेवर आठ मिनिटे’ येऊन बसलं होतं.

“स्वयंपाक म्हणजे काय गणिताचा पेपर आहे? दाणे भाजले की नाही ते नाकाला कळतं, घड्याळाला नाही.”

“तुम्ही घड्याळ लावत चला,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि ती सर्दी गेली का तुमची?”

“कधीच गेली. विषय बदलू नका.”

मोठ्या बाई शाळेत बावीस वर्षं पाकशास्त्र शिकवत होत्या. नव्या बाई त्यांच्या हाताखाली शिकवायला शिकत होत्या. दहा पाठ घ्यायचे, त्यावर मोठ्या बाईंनी ‘योग्य’ म्हणून सही करायची, मग प्रमाणपत्र, मग नोकरी. नऊ पाठ झाले होते आणि एकही सही नव्हती. दरवेळी एकच शेरा, ‘अजून एकटीने वर्ग सांभाळू नये.’

एकटीने सांभाळू नये! दोन पोरांची आई, दहा वर्षं घर चालवणारी बाई, तिला हे ऐकवायचं?

केकच्या पाठाला तर कहर झाला. नव्या बाई फळ्यावर आकृती काढत होत्या, पोरं मागे खुसुखुसु करत होती, म्हणून त्यांना दटावून गप्प बसवलं. तेवढ्यात मोठ्या बाई व्हरांड्यातून धावत आल्या आणि त्यांनी सरळ ओव्हन बंद केला. केक करपला होता, हे खरं. पण म्हणजे बाहेर उभं राहून पाळतच ठेवली होती ना!

दुधाचंही तेच. नव्या बाईंनी पातेलं बघून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. मोठ्या बाईंनी स्वतः बघायच्या ऐवजी पहिल्या बाकावरच्या मुलीला हाक मारली. “जरा वास घेऊन सांग गं.” पोरीने तोंड वाकडं केलं आणि दूध मोरीत गेलं.

त्या दिवशी नव्या बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“त्या बाईचं नाक मेलंय!” त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. “म्हणून वास म्हटलं की खोडते. म्हणून पोरींना पुढे करते. स्वतःला येत नाही, आणि नापास मला करते!”

“नाकाचं राहू दे,” सासूबाई आतून म्हणाल्या. “हल्ली तुझ्या हाताची चव गेली, त्याचं बघ.”

“डोकं पिकवलंय त्या बाईने, चव कुठून राहणार?”

दहावा पाठ होता ‘वास आणि चव’. मागच्या खुर्चीवर मुख्याध्यापक बसले होते. टेबलावर कापडात गुंडाळलेल्या चार बाटल्या होत्या. तिघींत कॉफी, व्हॅनिला आणि लवंगेचे अर्क, आणि एकीत नुसतं पाणी. आपल्यावर बालंट नको, म्हणून नव्या बाईंनी यादी लिहून कोठीतल्या मावशींकडून त्या भरून घेतल्या होत्या. कोणत्या बाटलीत काय, ते मावशींनाच ठाऊक.

“सर, आज पहिला वास मोठ्या बाई घेतील,” नव्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “बावीस वर्षं शिकवतायत. पाण्याची बाटली कोणती, एवढंच सांगावं.”

मोठ्या बाई उठल्याच नाहीत.

“हा हट्ट सोडा,” त्या हळूच म्हणाल्या. “आपण बाहेर जाऊन बोलू. मी परवापासून तुम्हाला सांगीन म्हणतेय.”

“घाबरलात ना? काय ते सगळ्यांसमोर होऊ दे.”

“मग आधी तुम्ही घ्या.”

नव्या बाईंनी फणकाऱ्याने पहिली बाटली उघडून नाकाशी धरली. मग दुसरी. तिसरी घाईघाईने. चौथीचं बूच तर त्यांच्या हातून खालीच पडलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. चारही बाटल्या त्यांनी टेबलावर आदळल्या, बुचं न लावता.

“बघा सर, बघा! चारही बाटल्यांत पाणी! हिला सुगावा लागला असणार, हिनेच मावशींना हाताशी धरलं. एका होतकरू बाईची नोकरी घालवायला माणूस इतक्या थराला जातं! लाज नाही वाटत?”

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

शेवटच्या बाकावरची मुलगी चाचरत उभी राहिली.

“पण बाई, लवंगेचा वास इथपर्यंत येतोय.”