न तोडलेला धागा

"मास्तर, पाठ दुखायची राहिली, पण आता छातीत धडधडायला लागलंय," असं म्हणत टेसिंग खुर्चीतून उठली आणि लिओनिलाचं तोंड उतरलं. सकाळपासूनची ही तिसरी तक्रार. एक ट्रायसिकल रिक्षावाला तर डोकं धरून आला आणि पोट धरून गेला. तिघांवरही लिओनिलानंच उपचार केले होते.

मरिकिनातल्या त्या माडीवर दर शनिवारी लोकांना फुकट प्राणशक्ती देत. आत येताना चामड्याचे जोडे आणि पट्टे बाहेर काढायचे, कारण चामडं शक्ती अडवतं. आणि गाव सगळं जोडे शिवणाऱ्यांचं, त्यामुळे दारात कायम दुकान मांडल्यासारखं दिसे. रोग्याला हात लावायचा नाही. त्याच्या अंगासमोरची हवा विंचरल्यासारखी करायची, हाताला आलेली घाण मिठाच्या पाण्यात झटकायची, मग ताजी शक्ती द्यायची. आणि शेवटी दोघांमधला धागा हाताच्या एका फटकाऱ्यानं तोडायचा. तो राहिला तर एकाची तगमग दुसऱ्याला लागते, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवत.

आगुस्तिन मास्तरांनी पुढच्या रोग्याला थांबवलं. "लिओनिला, तू बस खुर्चीत."

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणून सकाळपासून चार वेळा घरी फोन केलास?"

पाच वेळा केला होता. ती मुकाट्यानं बसली. तळवे वर, जीभ टाळूला, डोळे मिटलेले. पण पाऊल हलायचं काही थांबेना. मास्तरांचा हात तिच्या पोटासमोर आला आणि तिथेच थबकला.

"कुणाचा धागा तोडायचा राहिलाय?"

"सगळ्यांचे तोडते. पूरिंगला विचारा."

"घरच्याचा?"

तिच्या नवऱ्याला, अम्ब्रोसिओला, जानेवारीत झटका आला होता. डावी बाजू गेली. डॉक्टर चालू होते, गोळ्या चालू होत्या, आणि त्याशिवाय लिओनिला सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याच्यासमोर प्राणशक्ती द्यायला उभी राहायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिचं कौतुकही होतं.

"नाही तोडत," ती म्हणाली. "एकदाही नाही तोडला."

पाण्यात मीठ ढवळणाऱ्या पूरिंगचा हात थांबला. "आठ महिने? अगं ताई, आणि आम्ही विसरलो की आमच्यावर डाफरतेस."

"मी विसरले नाही." लिओनिलानं डोळे उघडले. "तोडला आणि तो गेला म्हणजे? मी चुलीपाशी असले, बाजारात असले, तरी मला इथे कळतं की तो आहे." तिनं पोटावर मूठ दाबली. "तुम्ही म्हणाल अडाणीपणा आहे. असू दे."

मास्तर रागावले नाहीत. स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले.

"तुझ्या जिवाची घालमेल तू त्याला दिवसातून तीनदा पाजतेस. उरलेली या लोकांना वाटतेस. मनाला शांती पाहिजे म्हणून आली होतीस ना माझ्याकडे? मग आत्ता तोड. जमत नसेल तर पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस."

भिंतीवर तीन वाजले होते. लिओनिलानं हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. जानेवारीत दवाखान्याच्या व्हरांड्यातही ती इतकी घाबरली नव्हती. मग एकदाचा तिनं हात खाली आणला. नुसती हवाच कापली गेली, पण तिच्या पायाखालची फरशी गेली.

तिनं लगेच फोन लावला. मुलीनं, मिलानं, उचलला.

"झोपलेत."

"श्वास चालू आहे ना?"

"आई, आता पुरे हं."

एवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं. मिठाच्या पाण्यात हात न धुताच ती जिना उतरली, दारातल्या ढिगात मिळाले ते जोडे पायात सरकवले आणि घराकडे सुटली.

अम्ब्रोसिओ उशीला टेकून बसला होता. मिला त्याला पेज भरवत होती. त्यानं आधी बायकोच्या पायांकडे पाहिलं; चाळीस वर्षं जोडे शिवलेल्या माणसाची ती सवय, पण या आठ महिन्यांत त्यानं कशाकडेच असं पाहिलं नव्हतं.

"हे... तुझे नाहीत," तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. "शिवण... भिकार आहे."

लिओनिलाला हसूही आलं आणि रडूही. "बरं वाटतंय का?"

"झोप लागली. छान. तीन वाजता असेल. छातीवरचा हात... कुणी काढून घेतला, असं वाटलं."

तिला आनंद झाला, खरंच झाला. पण त्याच्या आधी काहीतरी वर्मी लागलं. इतके दिवस तो हात कुणाचा होता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळच्या उपचाराला अजून अवकाश होता, तरी तिचा उजवा हात सवयीनं केव्हाच वर झाला होता, त्याच्या छातीच्या रोखानं. अम्ब्रोसिओनं त्या हाताकडे पाहिलं. नको म्हणाला नाही. आठ महिन्यांत कधीच म्हणाला नव्हता.

लिओनिला खाटेजवळच्या स्टुलावर बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर सगळा भार टाकून बसून राहिली.

"खा," ती म्हणाली. "पेज निवतेय."