सोमवारचं डोकं

“मॅडम, हिचं आता कापू काय? कपाळ?”

कंगवा हातात घेऊन रात्रपाळीवाली उभी होती. दवाखान्यात रात्रपाळी करून तशीच क्लासला यायची, म्हणून तिला सगळ्या त्याच नावाने हाक मारायच्या. खुर्चीत बसलेल्या मुलीच्या डोक्यावर खरंच कंगव्यात धरण्याजोगं काही उरलं नव्हतं. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मॅडमना हसू आलं नाही. सकाळपासून उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि आज ना उद्या हे होणार हे त्यांना कधीचं दिसत होतं.

केस कापायला शिकवायचं म्हणजे डोकी लागतात. प्लास्टिकच्या डोक्यावरचे केस एकदा कापले की गेले, ते काही परत उगवत नाहीत. म्हणून मॅडमनी खाली दारावर पाटीच लावली होती. दर सोमवारी केस फुकट कापून मिळतील, शिकाऊ हात आहेत, वेडंवाकडं झालं तर भांडायला यायचं नाही. लोक यायचे, कापून घ्यायचे, आरशात बघून तोंड वाकडं करायचे आणि जायचे, ते परत फिरकायचे नाहीत. ही मात्र दर सोमवारी हजर! पहिल्यांदा आली तेव्हा केस कमरेपर्यंत होते. मग ते पाठीवर आले, खांद्यावर आले, मानेवर आले. लेयर झाला, स्टेप झाला, बॉब झाला, बॉय कटही झाला. पोरींनी तिचं नाव सोमवारबाई ठेवलं होतं.

आता अशा डोक्याचं काम ते काय? हलायचं नाही, बस. पण हे डोकं प्रश्न विचारायचं. “मागचे केस आधी का घेतले?” “इथे कात्री उभी का धरली?” आरशातून नजर न काढता विचारायचं. मॅडमही बोलता बोलता उत्तर देऊन टाकायच्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटायचं. सगळ्या क्लासमध्ये एवढं विचारणारं दुसरं होतं कोण?

“ही केस कापायला येतच नाही, मॅडम.” रात्रपाळीवालीने कंगवा खाली ठेवला. “ही शिकायला येते. फुकटात. मी रात्रभर बेल वाजली की पळते, सकाळी इथे येऊन उभी राहते, डोळे उघडे राहत नाहीत माझे. ते फी भरता यावी म्हणूनच ना? आणि ही खुर्चीत बसून सगळं घेऊन जाते. मग आम्हीच काय खुळ्या?”

आता कुणी हसलं नाही. मॅडमना तिचा राग आला, आणि ती खरं तेच बोलत होती म्हणून जास्तच आला. एकीला असं चालवून घेतलं की उद्या जिन्यावर रांग लागेल. भरणाऱ्या म्हणतील, आमचे परत द्या. आणि जागेचा मालक काही कौतुकावर भागवून घेत नाही.

“खरं का गं?” त्यांनी मुलीला विचारलं.

मुलगी आरशातूनच त्यांच्याकडे बघत होती. “हो,” ती म्हणाली. “फी झेपणारी नव्हती. केस होते.”

“आणि आता?”

“आता मशीन फिरवायला शिकवणार आहात ना? माझ्यावरच फिरवा. सगळे काढून टाका.”

“वेड लागलंय का तुला? आणि पुढच्या सोमवारी काय देशील, कान?” मॅडमचा आवाज नको तेवढा चढला. मग त्यांनी तिच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं. “ऊठ, बाळा. पुरे झालं. फी जमली की ये. माझाही नाइलाज आहे गं.”

मुलगी उठली. कापड झटकून तिने नीट घडी घातली आणि ती घडी कुठे ठेवावी हेच तिला कळेना. तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. जिना चढून तिला धाप लागली होती.

“आई! तुला खाली थांब म्हटलं होतं ना!” मुलगी जवळजवळ ओरडलीच. “तुझे नाही. तुझे नाही म्हणून दहा वेळा सांगितलंय मी तुला.”

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातातली पिशवी तिच्या हातात कोंबली, खुर्चीत बसली आणि अंबाड्यातली पिन काढली. केस खुर्चीच्या पाठीवरून खाली आले, पार जमिनीला टेकले. अर्धे पिकलेले, पण काय दाट! एवढे केस क्लासमध्ये कुणी पाहिले नव्हते. रात्रपाळीवाली चटकन वाकली आणि तिने ते खालून दोन्ही हातांवर उचलून धरले.

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “या वयात परत एवढे यायचे नाहीत हो.”

“ठाऊक आहे.” आई आरशात बघत नव्हती, मुलीकडे बघत होती. “कापा बाई. पण एका दमात नका कापू. थोडे थोडे घ्या. तिचं शिकून होईपर्यंत पुरले पाहिजेत.”