लाल धागा

दारव्ह्याच्या घरी उज्ज्वला ऑर्किडचं परागण हातानं करायची. काडीच्या टोकानं एका फुलातला पिवळा कण उचलून दुसऱ्यात ठेवायचा आणि खूण म्हणून देठाला लाल धागा बांधायचा. असं फूल दिवस मावळेपर्यंत मान टाकायचं. उरलेले कण बाटलीत, फ्रिजमध्ये, पोरीच्या तापाच्या औषधाशेजारी.

त्या दुपारी पाळण्यातल्या रिद्धीच्या पायात लाल धागा दिसला.

"आई, हा तुम्ही बांधला काय?"

"मी कायले बांधू वं?" सासूबाई हसल्या. "नजरेचा तं काळा राह्यते. तुह्या फुलाचाच असन."

गाठ उज्ज्वलाचीच होती, दुहेरी. बांधल्याचं मात्र तिला आठवेना. तिनं फ्रिज उघडला. सकाळी भरलेली बाटली रिकामी होती.

तिनं घाईनं धागा कापला. रिद्धी खुदकन हसली, तेव्हा जिभेवर मधोमध पिवळा कण दिसला. बोटानं काढू गेली, तर निघेना.

मग तिनं पोरीला झोपूच दिलं नाही. खुळखुळा वाजवला, गाणी म्हटली, अंगणात फिरवलं.

"दिवा लाव वं, अंधार पडला," आतून सासूबाई म्हणाल्या.

रिद्धी रडली नाही, तिनं जांभईही दिली नाही. डोळे उघडे ठेवूनच तिनं आईच्या खांद्यावर हळूहळू मान टाकली.