मोरोबांचा चष्मा

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत आगबोटींची इंजिनं बांधणाऱ्या मोरोबा धैर्यवानांवर हेरवाडकरांची भक्ती होती. हेरवाडकर स्वतः जहाजांवर इंजिनियर होते, आता निवृत्त. मोरोबांच्या वापरातल्या वस्तू जमवायच्या म्हणून ते वर्षभर दर रविवारी खारला, त्यांच्या पणतसुनेकडे, प्रमिलाबाईंकडे जात. बाई एकट्याच राहत. दोन तास गप्पा व्हायच्या आणि निघताना बाई काहीतरी हातात ठेवायच्या. कधी दौत, कधी अडकित्ता, कधी दाढीचा ब्रश.

या रविवारी चष्मा मिळाला. हेरवाडकरांनी तो साफ करायला चष्मेवाल्याकडे नेला. त्याने भिंगावर नखाने टिचकी मारली.

"काका, हे प्लास्टिक आहे. फार तर चाळीस वर्षांचं."

हेरवाडकर तसेच खारला परतले. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मोरोबांची फक्त दौत होती. ती पहिल्याच रविवारी दिली तुम्हाला. बाकी सगळं आमच्या ह्यांचं. टपाल खात्यात कारकून होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या रविवारी आला असतात?"

हेरवाडकरांनी चष्मा जपून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव काय होतं त्यांचं?"

"वसंत केशव धैर्यवान."

घरी येऊन त्यांनी दौत सोडून कपाटातल्या सगळ्या वस्तूंवरच्या मोरोबांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि नव्या चिठ्ठ्यांवर वसंतरावांचं नाव लिहिलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा बाईंच्या दारात उभे होते.

"वसंतरावांचं अजून काही उरलंय?"

"पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या, "पण एका वेळी एकच देईन."