एकदम ठीक

"धर ही," म्हणत कडूबानं लष्करी दवाखान्याच्या दारातच काठी बायकोच्या, द्वारकाबाईच्या हातात दिली. टोपी नीट केली आणि छाती काढून एकटाच आत निघाला. साहेबासमोर काठी टेकत जाणं बरं दिसत नाय, असं तो दर वेळी म्हणायचा. तिलाही ते पटायचं.

हर्सूलहून छावणीत येताना बसच्या पायरीवर त्याला दोघांनी वर ओढलं होतं. झोपेत कूस बदलायची तर बायकोला उठवावं लागायचं. पण मेडिकल बोर्डासमोर गडी असा उभा राहायचा, की नव्या रंगरुटानं शिकून घ्यावं. एकाहत्तरच्या लढाईत पुंछकडं गाडी दरीत गेली, तेव्हापासून कंबर आणि गुडघा दोन्ही कामातून गेले होते. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज मात्र दर खेपेला परत. उत्तर एकच : अपंगत्व नगण्य. आजचं बोर्ड शेवटचं. यानंतर दाद मागायची सोय नव्हती.

बाहेरच्या बाकावर बसून बसून द्वारकाबाईनं सरकारला घातलेल्या शिव्या तर विचारूच नका. आज मात्र ती बसली नाही. घोडं कुठं अडतंय ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं, हे ठरवूनच ती घरातून निघाली होती. तिनं पदर खोचला आणि काठी घेऊन नवऱ्यामागोमाग आत शिरली. शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत राहिला.

आत कर्नलसाहेब विचारत होते, "कोई तकलीफ?"

कडूबानं टाचा जुळवल्या. "नहीं साहब. एकदम ठीक."

"चलने में? झुकने में?"

"ठीक, साहब."

द्वारकाबाई जागीच थिजली. म्हणजे इतकी वर्षं नकार सरकार देत नव्हतं, घरधनीच देत होता. तिला रडू नाही आलं, संताप आला.

"खोटं बोलतेत, साहेब." तिनं काठी टेबलावर ठेवली. "ही यांचीच हाय. सकाळी पायात मोजे मी घातले. खाली वाकताच येत नाय यांना."

कर्नल मराठीच होते. त्यांनी पेन खाली ठेवला. "हवालदार, खरं काय ते सांगा. हुकूम समजा."

हुकूम म्हटल्यावर कडूबाचा नाइलाज झाला. समोरच्या भिंतीवर नजर ठेवून तो बोलू लागला.

"गाडीत आम्ही दोघं व्हतो, साहेब. मी आन् माझा दोस्त सांडू. उचलायला लोक आले, पण स्ट्रेचर एकच. मी लई ओरडत व्हतो. सांडू म्हणला, मी ठीक हाय, याला न्या आधी. मला नेलं. लोक माघारी जाईस्तवर तो गेला. त्याच्या जागी मी वाचलो. आता कोणत्या तोंडानं सांगू, दुखतंय म्हणून?"

द्वारकाबाईचा राग कुठल्या कुठं गेला. नवऱ्याची तिला फार कीव आली, पण ती तिनं बाजूला सारली. आज कीव करून भागणार नव्हतं. ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"अहो, तो ठीक नव्हता," ती हळूच म्हणाली. "ठीक हाय म्हणला, म्हणूनच तर मागं राहिला ना."

कडूबा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं जुळवलेल्या टाचा सोडल्या, खुर्ची ओढली आणि बोर्डासमोर पहिल्यांदाच खाली बसला.

"लिहा, साहेब," तो म्हणाला. "कमरेपासून सांगतो."