२०१९ ते २०२५

फ्रिजवरचा फोन थरथरला आणि दुपारची शांतता मोडली. पिठाच्या हातानंच मी तो उचलला. पतसंस्थेत मला नोकरी मिळाली होती!

बायोडेटा पैसे देऊन लिहून घेणार म्हटल्यावर नवरा हसला होता. "पुन्हा लग्न जमवायचंय का?"

देवस्थळीबाई बायोडेटा लिहून देतात. मधली कोरी वर्षं त्यांनी झाकावीत, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या वर्षांत काय केलंत?"

"काही नाही. मुलगी वाढवली."

"मग झाकायचं कशाला?" म्हणत त्यांनी ठळक टाइप केलं: '२०१९ ते २०२५ : मुलीचं संगोपन, पूर्ण वेळ.'

मुलाखतीत मॅनेजरबाईंचं बोट त्याच ओळीवर थांबलं. "इतकं सरळ कुणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या.

फोन आला त्या संध्याकाळी नवऱ्यानं पेढे आणले. "वसूल झाले गं तुझे पैसे!" माझ्या मांडीवर बसून लेक बायोडेटाचा कागद अक्षरं लावत वाचत होती.

"आई, संगोपन म्हणजे?"

"तुला वाढवणं, राणी."

तिनं २०२५ वर बोट ठेवलं.

"मग मला वाढवणं आता संपलं?"